आर्टमीडिया पेत्रझाल्का: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुटबॉलच्या गप्पा निघाल्या आणि मी स्लोव्हाकियाच्या या क्लबचं नाव काढलं की तेच ते प्रश्न येतात, कोण हे, कुठले, आता आहेत का, स्कॉटलंडच्या सेल्टिकला पाच मारले होते तेच ना. दर वेळी तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

आर्टमीडिया आणि पेत्रझाल्का हे दोन वेगळे क्लब आहेत का?

नाही, एकच. आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो म्हणून हा प्रश्न पहिला घेतला. आर्टमीडिया हे कंपनीचं नाव, ते क्लबच्या पुढे १९९३ मध्ये लागलं आणि २००९ मध्ये निघून गेलं. मधली सोळा वर्षं सोडली तर आर्टमीडिया म्हणून काही नव्हतंच. क्लब पेत्रझाल्काचा होता आणि आजही तिथलाच आहे. लोक म्हणतात "आर्टमीडिया गायब झाली", तर गायब झाली ती पाटी, जिच्याखाली खेळत होते ती मुलं आणि तो मोहल्ला तिथेच आहे. हे मी जरा तावातावाने सांगतो कारण एखाद्या क्लबला आपण फक्त त्याच्या श्रीमंत वर्षांच्या नावानं ओळखावं हे मला पटत नाही.

पेत्रझाल्का म्हणजे नक्की कुठे? शहर आहे का?

स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा, तिच्यामधून डॅन्यूब नदी जाते. नदीच्या उत्तरेला किल्ला, जुनं गाव, सरकारी कचेऱ्या, आणि दक्षिणेला पेत्रझाल्का. पलीकडे थोडंच गेलं की ऑस्ट्रियाची हद्द लागते, इतकं ते कडेला आहे. नाव तिथल्या भाषेतल्या पार्सलीच्या शब्दावरून आलं असं लोक सांगतात, कारण पूर्वी इथे भाजीचे मळे होते. पहिल्या महायुद्धापर्यंत हे हंगेरीच्या राज्यात, मग चेकोस्लोवाकियात, १९३८ मध्ये हिटलरच्या जर्मनीनं हा तुकडा घेतला आणि १९४५ पर्यंत ठेवला, १९४६ मध्ये ब्रातिस्लाव्हात सामील झालं. १९७० च्या दशकात कम्युनिस्ट सरकारनं जुनी घरं पाडून तिथे पॅनेलाक उभे केले. पॅनेलाक म्हणजे कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या तयार भिंती जागेवर आणून जोडून बांधलेल्या उंच इमारती, एकासारखी दुसरी, लांबच्या लांब रांगा. लाखभर लोक राहतात तिथे. म्हणजे नदीपलीकडे राजधानीची शान आणि नदीअलीकडे नोकरदारांची झोपायची जागा, असं लोकांच्या डोक्यात बसलेलं. हे लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे हेच येणार आहे.

क्लब किती जुना आहे?

१८९८ धरतात. तेव्हा शहराचं हंगेरियन नाव पोझोन्य होतं आणि तिथल्या व्यायाम मंडळातून फुटबॉलची टीम निघाली. पूर्वेकडच्या प्रेशोव्हचा तात्रान क्लबसुद्धा १८९८ चाच, त्यामुळे स्लोव्हाकियातला सगळ्यात जुना क्लब कोणता यावर दोन्हीकडचे लोक भांडतात आणि मी त्यात पडत नाही.

पुढे नावं किती बदलली विचारू नका. कम्युनिस्ट काळात तिकडे प्रत्येक क्लब कुठल्या तरी कारखान्याला बांधलेला असायचा, तसा हाही आधी कोव्होस्माल्ट, मग बऱ्याच वर्षांनी झेटीएस. झेटीएस पेत्रझाल्का या नावानं ८० च्या दशकात चेकोस्लोवाकियाच्या पहिल्या लीगमध्येही खेळले, पण तिथे मोठी नावं स्लोव्हान, स्पार्ताक त्रनावा, इंतर ब्रातिस्लाव्हा, प्रागचे क्लब, यांच्यात पेत्रझाल्काकडे कुणी फार बघत नसे.

मग एवढे मोठे कसे झाले?

दोन माणसं. एक पैसेवाला, इव्हान क्मोत्रिक, छपाई आणि पॅकेजिंगच्या धंद्यातला बडा उद्योजक. आणि दुसरा कोच, व्लादिमीर वाइस.

वाइस घराण्याबद्दल दोन वाक्यं सांगायलाच हवीत कारण तिघांचंही नाव एकच, आणि नवीन माणसाचा हमखास घोळ होतो. आजोबा व्लादिमीर वाइस, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोवाकियाला फुटबॉलचं रौप्य मिळालं त्या टीममधले. मुलगा व्लादिमीर वाइस, तो आपला कोच. आणि नातू व्लादिमीर वाइस, तो मँचेस्टर सिटीत गेलेला विंगर.

कोच वाइसनं स्वस्तात मिळणारी, दुसऱ्यांनी सोडलेली, लीगबाहेर कुणाला माहीत नसलेली पोरं घेतली आणि त्यांची टीम बांधली. २००४ मध्ये स्लोव्हाक कप, २००५ मध्ये लीग. आणि गंमत बघा, ज्या वर्षी पेत्रझाल्का चॅम्पियन झाली त्या वर्षी नदीपलीकडचा स्लोव्हान दुसऱ्या लीगमध्ये होता! स्लोव्हान म्हणजे १९६९ मध्ये बार्सिलोनाला ३-२ नं हरवून कप विनर्स कप ही युरोपातली ट्रॉफी आणलेला क्लब, अख्ख्या देशाचा मोठा भाऊ. तो २००४ मध्ये खाली गेला आणि २००६ मध्ये वर आला. मधली दोन वर्षं राजधानीचा फुटबॉल पॅनेलाकवाल्यांनी सांभाळला.

सेल्टिकला खरंच ५-० नं हरवलं होतं?

हो. २७ जुलै २००५, चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, तिची दुसरी क्वालिफायिंग फेरी, ब्रातिस्लाव्हा. सेल्टिक म्हणजे दोनच वर्षांपूर्वी, २००३ मध्ये, यूएफा कपची (चॅम्पियन्स लीगच्या खालची युरोपातली स्पर्धा) फायनल खेळलेली टीम, आणि गॉर्डन स्ट्रॅकनची सेल्टिकचा मॅनेजर म्हणून ही पहिलीच अधिकृत मॅच.

हाफटाइमच्या जरा आधी युराय हालेनारनं पहिला मारला. दुसऱ्या हाफमध्ये ब्लाझेय वाश्चाकनं दुसरा. तोपर्यंतसुद्धा वाटत होतं की ठीक आहे, सेल्टिक ग्लासगोला जाऊन परत फेडेल. मग शेवटच्या पंधरा मिनिटांत धरणच फुटलं, ब्रानिस्लाव मिकुलिचचा एक, हालेनारचे आणखी दोन, त्याची हॅटट्रिक, ५-०.

पण खरी धडधड पुढच्या आठवड्यात. ग्लासगोला सेल्टिकनं एक मारला, दोन मारले, तीन मारले, चार मारले. आणखी एक बसला असता तर बरोबरी आणि एक्स्ट्रा टाइम. तो बसला नाही. एकूण ५-४. पाच गोलांची आघाडी घेऊन गेलेली टीम शेवटी एका गोलानं तरली. माझ्या मते पेत्रझाल्काचं मोठेपण पहिल्या मॅचमध्ये जेवढं आहे तेवढंच या ०-४ मध्ये आहे, अख्खं स्टेडियम अंगावर ओरडत असताना तो पाचवा गोल न होऊ देणं साधं काम नाही.

त्याआधी आणि त्यानंतर कोण कोण होतं?

पहिल्या फेरीत कझाकस्तानचा कैरात अल्माटी. तिकडे ०-२ हरून आले, घरी एक्स्ट्रा टाइममध्ये ४-१ जिंकले. म्हणजे जी टीम पुढे पोर्तुगालच्या पोर्तोत जाऊन जिंकली ती पहिल्याच फेरीत घरी बसायच्या बेतात होती! (त्याच मोसमात लिव्हरपूलही पहिल्या क्वालिफायिंग फेरीपासून खेळला होता, युरोपचा चॅम्पियन असून, कारण इंग्लंडच्या लीगमध्ये पाचवा आला होता.)

सेल्टिकनंतर बेलग्रेडचा पार्टिझान. घरी ०-०, बेलग्रेडला ०-०, दोनशे दहा मिनिटं एकही गोल नाही, शेवटी पेनल्टी आणि ४-३. गोलकीपर युराय चोबेय. झालं, पेत्रझाल्का चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये. सहा मॅच खेळून ग्रुपमध्ये आले आणि तिथे आणखी सहा वाट बघत होत्या.

पोर्तोची मॅच एवढी गाजली ती का?

कारण पोर्तो २००४ चा चॅम्पियन. म्हणजे सोळा महिन्यांपूर्वी ज्यांनी हाच कप उचलला त्यांच्या घरी. २८ सप्टेंबर २००५, आपल्याकडे रात्रीचा सव्वाबारा.

लुचो गोन्झालेसनं पहिला मारला, दिएगोनं दुसरा, चाळीस मिनिटं व्हायच्या आत २-० आणि पोर्तोचं स्टेडियम निवांत. अशा वेळी छोट्या टीमचं काय होतं ते आपण शेकडो वेळा बघितलंय, खांदे पडतात, मागे सरकतात, मग चार-पाच खातात. हाफटाइमच्या अगदी तोंडावर पेतेर पेत्राशनं एक परत केला. तो एक गोल नसता तर ही मॅच आज कुणाला आठवली नसती असं मला वाटतं, कारण त्यामुळे ड्रेसिंग रूममध्ये जाताना पोर्तोवाले कुरकुरत गेले आणि हे ताठ गेले. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला यान कोझाक, २-२. आणि ७४ व्या मिनिटाला बालाझ बोर्बेय, ३-२. उरलेला वेळ कसा काढला ते त्यांनाच ठाऊक, पण काढला.

ग्रुपमध्ये शेवटी काय झालं?

ग्रुप असा: इंटर मिलान, पोर्तो, ग्लासगोचा रेंजर्स आणि पेत्रझाल्का. घरी इंटरकडून ०-१. पोर्तोत ३-२. रेंजर्सकडे ०-० आणि घरी रेंजर्सशी २-२, त्यात दोनदा मागे पडून दोनदा बरोबरी. मिलानला ०-४, आद्रियानोची हॅटट्रिक, आणि तीही रिकाम्या स्टेडियममध्ये, कारण आदल्या मोसमातल्या मिलान डर्बीत मैदानावर फटाके फेकल्याबद्दल इंटरला शिक्षा झाली होती. पेत्रझाल्काचे लोक इंटरच्या सान सिरो स्टेडियमला जायची स्वप्नं बघत होते आणि दारं बंद. याचं मला आजही वाईट वाटतं, चूक दुसऱ्याची आणि हुकली यांची.

मग शेवटची मॅच, ६ डिसेंबर, घरी पोर्तोशी. मॅचआधी रेंजर्स ६, पेत्रझाल्का ५, पोर्तो ४. तिकडे रेंजर्सनं इंटरशी १-१ केली म्हणजे ७. इकडे एक गोल, फक्त एक, झाला असता तर ८ पॉइंट आणि शेवटच्या सोळात. मॅच ०-० संपली. रेंजर्स पुढे गेले, पेत्रझाल्का तिसरी, पोर्तो सगळ्यात खाली. तिसऱ्या नंबरामुळे यूएफा कपमध्ये गेले आणि तिथे बल्गेरियाच्या लेव्हस्की सोफियानं बाहेर काढलं.

पॉइंट किती मिळाले आणि त्यात एवढं काय?

सहा. आणि त्यात खूप काही आहे. स्लोव्हाकियाचे चार क्लब आजवर चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीत गेलेत. १९९७ मध्ये कोशित्से, सहाच्या सहा हरले. २००५ मध्ये पेत्रझाल्का. २०१० मध्ये झिलिना, सहाच्या सहा हरले. २०२४ मध्ये स्लोव्हान, नव्या पद्धतीत आठच्या आठ हरले. म्हणजे अख्ख्या देशाच्या खात्यात तिथले सहाच पॉइंट आहेत आणि ते सहाही पेत्रझाल्काच्या पॅनेलाकवाल्यांचे. कुणी मला विचारलं की या क्लबबद्दल एकच गोष्ट सांग, तर मी ही सांगतो.

त्या मॅच पेत्रझाल्काच्या स्वतःच्या ग्राउंडवर झाल्या का?

नाही, आणि हे फॅन लोकांना लागतं. त्यांचं स्टेडियम जुन्या पुलाच्या पायथ्याशी, लहानसं, यूएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या, नियमात बसणारं नाही. म्हणून सगळ्या मोठ्या रात्री तेहेलने पोलेवर, म्हणजे स्लोव्हानच्या घरात. विचार करा, आयुष्यातली सगळ्यात मोठी मॅच आणि ती ज्याच्याशी हाडवैर त्याच्या अंगणात.

त्या टीममधले खेळाडू पुढे कुठे गेले?

पांगले, दुसरं काय होणार. कोच वाइस २००६ मध्ये रशियाला सातुर्नकडे गेला, २००७ मध्ये परत आला, आणि २००७-०८ मध्ये लीग आणि कप दोन्ही जिंकून दिले. मग राष्ट्रीय टीमचा कोच. त्याच्या टीमनं स्लोव्हाकियाला पहिल्यांदा वर्ल्ड कपला नेलं, आणि २४ जून २०१० ला जोहान्सबर्गमध्ये आदल्या वेळचा चॅम्पियन इटली ३-२ नं घरी गेला. त्या वर्ल्ड कपच्या टीममध्ये २००५ च्या पेत्रझाल्काचे दोघं होते, कोझाक आणि डिफेंडर यान डुरिका. आणि नातू वाइससुद्धा, म्हणजे बापाच्या हाताखाली पोरगा.

हालेनार नंतर स्लोव्हानकडे गेला, तिथेही भरपूर गोल केले. २०१८ च्या जूनमध्ये तो वारला, पस्तिशीही पूर्ण झाली नव्हती. सेल्टिकच्या त्या रात्रीचे व्हिडिओ बघताना तिसऱ्या गोलनंतर त्याचा चेहरा दिसतो आणि पुढे बघवत नाही.

मग एवढं सगळं असून क्लब कोसळला कसा?

मालक नदी ओलांडून गेला. मोठ्या शब्दांत सांगायची गरजच नाही. क्मोत्रिकनं स्लोव्हान हातात घेतला आणि पैसा, लक्ष, हळूहळू खेळाडूसुद्धा तिकडे. २००८ च्या उन्हाळ्यात पेत्रझाल्का चॅम्पियन म्हणून चॅम्पियन्स लीगच्या तिसऱ्या क्वालिफायिंग फेरीत युव्हेंटसशी खेळत होती (तुरिनला ०-४, घरी १-१), २००९ मध्ये स्लोव्हान चॅम्पियन, आणि २०१० मध्ये पेत्रझाल्का पहिल्या लीगमधून बाहेर. लीग आणि कप दोन्ही जिंकल्यापासून खाली जाईपर्यंत दोन वर्षं!

स्लोव्हानवाले म्हणतात मालकाचा पैसा, मालकाची मर्जी. ठीक आहे, कायद्यानं बरोबर आहे. पण दुसरी बाजूही बघा, जुना नावाजलेला क्लब, राजधानीचं नाव, मोठं स्टेडियम व्हायची आशा हे सगळं तिकडे होतंच, आणि इकडे एका माणसाच्या चेकबुकाशिवाय काही उभंच केलं नव्हतं. तिकिटाचे पैसे तुटपुंजे, टीव्हीचे पैसे नाहीत म्हटलं तरी चालेल, स्वतःचं धड ग्राउंड नाही. चॅम्पियन्स लीगमधून आलेले पैसे एका-दोन वर्षांत पगारात जातात. ग्राउंड आणि ज्युनियर टीममध्ये तेव्हाच गुंतवायला हवं होतं असं मी ठामपणे म्हणेन.

आणि हे एकट्या पेत्रझाल्काचं नाही. इंतर ब्रातिस्लाव्हा, २००० आणि २००१ चा चॅम्पियन, त्यानं २००९ मध्ये आपली लीगमधली जागाच सेनित्साच्या क्लबला दिली. एका शहरात तीन चॅम्पियन क्लब होते, दहा वर्षांत एक उरला.

क्लब बंद पडला होता ना?

हो, २०१४ मध्ये सीनियर क्लब पैशाअभावी बंद झाला. पण लहान मुलांची अकादमी चालू होती, आणि तिच्यातूनच सीनियर टीम परत उभी केली, खालच्या लीगपासून, गावागावांतल्या ग्राउंडवर खेळत. नंतर चढत चढत दुसऱ्या लीगपर्यंत आले. मला विचाराल तर पोर्तोच्या रात्रीइतकीच ही गोष्ट मोठी आहे, फक्त हिचे व्हिडिओ नाहीत. मालक नदीपलीकडे गेला, कंपनीचं नाव गेलं, लीग गेली, आणि शेवटी क्लब वाचवला तो दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या प्रॅक्टिसनं आणि त्यांना ग्राउंडवर आणून सोडणाऱ्या आईबापांनी.

जुनं स्टेडियम बघायला मिळेल का?

नाही, पाडलं. पण जागा बघायला जरूर जा. जुन्या शहरातून स्टारी मोस्त, म्हणजे जुना पूल, तिथून पायी निघा. बाजूनं ट्राम जाते, पूल हलका थरथरतो, खाली डॅन्यूब चांगलीच जोरात वाहत असते. पुढे झाडी दिसते, तो यांको क्राल पार्क, अठराव्या शतकातला, आणि झाडीच्या पल्याड पॅनेलाकच्या रांगा. पूल उतरलात की तिथेच स्टेडियम होतं, लोक त्याला "जुन्या पुलामागचं" म्हणायचे. नदी ओलांडायला चालत पाच-सात मिनिटं लागतात.

२०२४ मध्ये स्लोव्हान चॅम्पियन्स लीगमध्ये गेला तेव्हा पेत्रझाल्काच्या लोकांना काय वाटलं असेल?

प्रत्येकाच्या मनातलं मी कसं सांगणार, पण योगायोग बघा. क्लब क्मोत्रिकचा. कोच तोच, व्लादिमीर वाइस. टीममध्ये त्याचा मुलगा. आणि पहिलीच मॅच ग्लासगोला, सेल्टिकशी! या वेळी सेल्टिक ५-१ नं जिंकला. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, स्लोव्हानला क्वालिफायिंगमध्येच पेनल्टीवर बाहेर काढलं ते कैरात अल्माटीनं, ज्यांना पेत्रझाल्कानं २००५ मध्ये एक्स्ट्रा टाइममध्ये हरवून सुरुवात केली होती. आणि त्याच कैरातनं पुढच्या फेरीत सेल्टिकलाही पेनल्टीवर बाहेर काढलं.

एकूण किती ट्रॉफी?

लीग दोनदा, २००५ आणि २००८. कप दोनदा, २००४ आणि २००८. संपलं.

कलर कोणते? जर्सी कुठे मिळेल?

काळा-पांढरा. जुनी आर्टमीडिया नावाची जर्सी जुन्या वस्तू विकणाऱ्या साइटवर कधीतरी येते आणि लगेच जाते. पण घ्यायचीच असेल तर आत्ताच्या क्लबची घ्या, पैसे त्या पोरांच्या अकादमीला जातील.